हिवाळ्याचं यंत्र

योकोहामा
२२ सप्टेंबर १९८१

वहिनी,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी असं शाळेत शिकवलं होतं. पण लाटा मोजणाऱ्या माणसाने हवेबद्दल लिहिलं की तुम्ही म्हणणार, 'आले भावोजी कामावर!' म्हणून थेट कामाचंच लिहितो.

अनुदान मंजूर झालं. सरकारी वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, मंजुरीचा कागद सप्टेंबरात हातात पडतो, आणि सगळा खर्च मार्च संपायच्या आत उरकावा लागतो. अहवाल तर फेब्रुवारीतच द्यायचा. म्हणजे वर्ष बारा महिन्यांचं असलं तरी संशोधन पाच महिन्यांचं. हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मी चिडलो होतो, दुसऱ्या वर्षी हसलो होतो, यंदा नुसती सही केली.

तर १ ऑक्टोबरपासून धक्क्यावरच्या शेडमधलं मीटर चालू करा. एप्रिलमध्ये मी त्यावर कागद चिकटवून माझा लाल शिक्का मारला होता. तो कागद कापा आणि जपून मला पाठवा, मंत्रालयाला दाखवावा लागतो. मंजुरी नसलेल्या महिन्यांत सरकारी पैशातलं मीटर कुणी वापरलं नाही, त्याचा तो पुरावा. मग नेहमीप्रमाणे रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा आणि महिनाअखेर पान पोस्टात टाकायचं.

यंदाचे आकडे चांगले आले तर मोठी योजना मिळेल, तीन वर्षांची. माझा मदतनीस ओगासा तुम्हाला आठवत असेल, मागल्या खेपेला बोटीत ज्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं तो. त्याला मुलगी झाली. त्याची नोकरी दर वर्षी अनुदानाबरोबर नवी होते, त्यामुळे बाळ बघायला गेलो तर त्याच्या सासूने आधी मंजुरीचंच विचारलं.

ऑगस्टात पितर घरी येतात तेव्हा दादासाठी यायला हवं होतं. जमलं नाही. दर वर्षी हेच लिहितो, माझं मलाच वाईट वाटतं. चहाचा डबा आणि गुडघ्याला लावायच्या पट्ट्या पाठवतोय.

तुमचा दीर,
सेइजी

•

कामोसे बेट
५ ऑक्टोबर

भावोजी,

कागद मासे कापायच्या सुरीने कापला, सोबत आहे. थोडा वास येईल. मंत्रालयाला सांगा, बेटाचा आहे.

एक विचारते. शिक्का तुम्ही मीटरवर मारलात, समुद्राला कुणी सांगितलं होतं का बंद राहायला? एप्रिल ते सप्टेंबर यंत्र आपलं चालूच होतं. परवा शाळेतल्या नव्या मास्तरीणबाई विचारत होत्या, धक्क्याच्या भिंतीतून हुंदके कसले येतात म्हणून. मी म्हटलं, बाई, भिंतीच्या पोटात एक खोली आहे, लाट आत शिरली की हवा वर ढकलते, परत गेली की खाली ओढते, आणि त्या हवेवर आमच्या भावोजींचा पंखा फिरतो. त्यातून वीज होते. किती होते? शेडवरच्या खांबाला एक दिवा आहे, तेवढी. मास्तरीणबाई 'अरे वा' म्हणाल्या. शहरातल्या माणसांना शिष्टाचार असतो. मासळी सोसायटीचे चेअरमन कुमेझो आहेत ना, त्यांची बायको म्हणते, हा आवाज थेट तिच्या सासूसारखा आहे, काम कमी आणि कण्हणं जास्त.

तो खांबावरचा दिवा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. पहाटे तांदूळ चुलीवर ठेवला की नजर तिकडेच जाते. तुमच्या मीटरला शिक्का होता, दिव्याला नव्हता.

पट्ट्या लावल्या. गुडघा दुखायचा राहिला नाही, पण वासाने मांजर पळून गेलं. दादांच्या फोटोसमोर चहा ठेवला.

योने

•

योकोहामा
२६ फेब्रुवारी १९८२

वहिनी,

तुमची पाचही पानं मिळाली, फेब्रुवारीचं अर्धं का होईना. अहवाल काल दिला. सात प्रती, प्रत्येक प्रतीवर एकोणीस शिक्के. माझा अंगठा लाल झालाय तो जात नाही.

आकडे असे आलेत की मंत्रालयातले त्सुबाकी साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. ते सहसा मागे रेलून बसतात. पाच महिन्यांवरून आम्ही वर्षाची सरासरी काढली आणि ती त्यांच्या अपेक्षेच्या दुप्पट निघाली. साहेब म्हणाले, 'मिनोबेसान, आता ह्याला प्रयोग म्हणू नका. प्रयोगाला पैसे मिळत नाहीत. प्रात्यक्षिक म्हणा.' आम्ही सातही प्रतींत शब्द बदलला.

वहिनी, ऐका आता. कामोसेचा बर्फखाना लाटांवर चालणार! योजनेत पहिलं नाव आपल्या बेटाचं आहे. धक्क्याच्या भिंतीत असे सहा पंखे बसतील. डिझेलची वाट बघायला नको, दराची कटकट नको. एक बारीकशी अट आहे, एकाच कामाला दोन यंत्रं असली तर अनुदान मिळत नाही, म्हणून सोसायटीचं जुनं डिझेलचं बर्फाचं यंत्र काढून टाकावं लागेल. कुमेझोंना मी कळवलंय, ते खूश आहेत.

मी मुळात जाळ्यांवर पाण्याचा ताण किती पडतो ते मोजणारा माणूस. दादाच्याच जाळ्यांवर शिकलो. मग तेल महाग झालं, जाळ्यांचे पैसे बंद झाले, लाटांचे सुरू झाले, आणि एका सोमवारी मी लाटांचा तज्ज्ञ झालो. त्या दिवसापासून आज पहिल्यांदा वाटतंय, की चला, ह्या सगळ्या कागदांतून घरच्यांसाठी काहीतरी निघालं.

सेइजी

•

कामोसे
९ मार्च

भावोजी,

तुमचा आनंद बघून दोन दिवस लिहिलंच नाही. पण पोटात ठेवून बसणारी मी नव्हे.

तुमच्या वर्षात जुलै कुठे आहे?

तुमचे दादा भरती-ओहोटीच्या कॅलेंडरवर रोज खूण करायचे हे तुम्हाला ठाऊक आहे. मासळी चांगली मिळाली तर गोल, बरी मिळाली तर त्रिकोण, रिकाम्या हाताने आले तर फुली. ते जून एकोणऐंशीमध्ये गेले. त्याच पावसाळ्यानंतर तुमचं यंत्र बसलं. कॅलेंडर सोसायटी फुकट वाटते, भिंतीवर लावलं की रोज सकाळी रिकामी चौकट माझ्याकडे बघायची. मला ते सहन होईना. मग मी दिव्याच्या खुणा करायला लागले. लख्ख पेटला तर गोल, मिणमिणला तर त्रिकोण, नाही पेटला तर फुली.

ऐंशीच्या जुलैत सव्वीस फुल्या, चार त्रिकोण, एक गोल, तोही वादळाच्या दिवशी. एक्याऐंशीच्या जुलैत चोवीस फुल्या, सात त्रिकोण, गोल एकही नाही. ऑगस्टही तसाच. उन्हाळ्यात आपला समुद्र ताटातल्या पाण्यासारखा पडून असतो, हे बेटावर जन्मलेल्या माणसाला मी सांगायचं?

आणि आपल्या जाळ्यांत माकूल कधी येतं, भावोजी? जून, जुलै, ऑगस्ट. बर्फ कधी लागतो? तेव्हाच. जानेवारीत बर्फ घेऊन काय डोंबल करायचंय, अंगणातच पडलेला असतो. जुनं यंत्र गेलं आणि जुलैत दिवा पेटला नाही तर माकूल बोट यायच्या आत सडेल. एक हंगाम गेला की घराघरातली तरणी माणसं उठून शहरात जातील, आणि गेलेलं कुणी परत येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ते यंत्र तुमच्या दादांनी आणि आणखी पाच जणांनी दोन होड्या एकमेकींना बांधून मधोमध ठेवून आणलं होतं. आवाज करतं, धूर सोडतं, पण जुलैत बर्फ देतं.

मला आकडेमोड येत नाही. माझं काही चुकत असेल तर सांगा. चुकत असावं अशीच माझी इच्छा आहे.

योने

•

योकोहामा
१८ मे

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. कामं होती, असं लिहिणार होतो. कामं नव्हती.

मंजुरी नसलेल्या काळातली कुठलीही मोजणी ग्राह्य धरता येत नाही. नियमच तसा आहे. तुमच्या खुणा म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने मोजणी नव्हेच. शिवाय नव्या योजनेत बॅटऱ्या असतील, त्या हिवाळ्यातली वीज साठवतील, काही प्रमाणात.

२४ जूनला त्सुबाकी साहेब पाहणीला येत आहेत. ते तुमच्याकडे चहाला येतील, कारण वहीत तुमचं नाव आहे. त्या दिवसापुरतं ते कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवाल का? लपवायचं म्हणून नाही. उगाच गैरसमज नको म्हणून.

ओगासाचा करार ऑक्टोबरात नवा व्हायचा आहे. त्याच्या मुलीला दात आले.

सेइजी

•

कामोसे
२७ जून

भावोजी,

कॅलेंडर काढलं. तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला, त्यावर तुमचा लहानपणीचा फोटो लावला, नाक गळतंय तो. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला.

पण खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणावं की काय म्हणावं, तुम्हीच ठरवा.

त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. समुद्र असा, की त्यात तोंड बघून वेणी घालावी. साहेब सकाळच्या बोटीने येणार. धक्क्यावर कुमेझो, मास्तरीणबाई, सगळे नवे शर्ट घालून उभे, आणि खांबावरचा दिवा ढिम्म! कुमेझोंनी डोकं खाजवलं. मग त्यांनी आपल्या भावाकडे नुसतं बघितलं. भाऊ उठला आणि होडीत जाऊन बसला. त्याच्यामागे दुसरी होडी निघाली, मग तिसरी. कुणी कुणाला एक शब्द सांगितला नाही, माझ्या गळ्याशपथ! माकुलाचा ऐन हंगाम, आणि तीन होड्या धक्क्यासमोर तासभर गोल गोल फिरत होत्या, भोवऱ्यासारख्या. इंजिनं बोंबलतायत, लाटा भिंतीवर आदळतायत, तुमचं यंत्र हुंदके देतंय, आणि दिवा लागला.

साहेब उतरले, दिवा पाहिला, कागदावर काहीतरी लिहिलं. 'होड्या फार आहेत हो आज,' म्हणाले. कुमेझो म्हणाले, 'तरुण पोरं आहेत साहेब, हौस असते.' त्यांचा भाऊ एकसष्ट वर्षांचा आहे.

सगळ्यांनी तुमच्यासाठी केलं. आपल्या बेटाचा मुलगा, इतका शिकलेला, पाहुण्यासमोर त्याची मान खाली जायला नको. पाहुणाही इतक्या लांबून आलेला, त्याला विझलेला दिवा कसा दाखवायचा? मीही चहा ओतत होते आणि गप्प होते. आता तीन दिवस झाले, माझा मलाच राग येतोय. आणि तुमचाही. तुमचा जास्त.

साहेब जाताना कुमेझोंना म्हणाले, जुनं यंत्र काढल्याचा फोटो सप्टेंबरच्या शेवटापर्यंत पाठवा, फोटोशिवाय मंजुरी नाही. यंत्र तोडायला माणसं वीस सप्टेंबरला येणार आहेत. सोसायटीत दादांच्या जागी माझं नाव आहे, पण बायकांनी तिथे चहा द्यायचा असतो, तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं तर म्हणतील, योनेला दिरापेक्षा जास्त कळतं.

सांगा आता, कॅलेंडर परत लावू की डब्यामागेच राहू दे?

योने

•

योकोहामा
१९ जुलै

वहिनी,

होड्यांचं वाचून मी मोठ्याने हसलो. ओगासा धावत आला. मग दार लावून घेतलं आणि तुमचं मार्चचं पत्र पुन्हा वाचलं.

मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. बेटावर जन्मलेल्या माणसाला जुलै माहीत नसेल का? पण वहिनी, शपथेवर सांगतो, अहवालात एकही आकडा खोटा नाही. खोटं बोल असं मला कुणी म्हणालं नाही. त्सुबाकी साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनाही त्यांच्या वरच्यांना मार्चअखेर काहीतरी दाखवायचं असतं. पैसे सप्टेंबरात येतात म्हणून आम्ही हिवाळा मोजतो, हिवाळ्याचे आकडे चांगले येतात म्हणून पैसे येतात, आणि असं करत करत मीच कधी विसरलो की वर्षात आणखी सात महिने असतात. खोटं बोललो असतो तर निदान ते पकडता तरी आलं असतं.

आता काय करू? योजनेवर चार जणांची पोटं आहेत. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. जाळी मोजणारा कुणाला नकोय. आठ वर्षं मी ह्या लाटांत घातली आहेत, आणि थकलोय हो, फार थकलोय. १४ सप्टेंबरला शेवटची सुनावणी आहे. अहवालाच्या शेवटी एक टीप घालतो, बारीक अक्षरात, की उन्हाळ्यात 'काही घट' संभवते. एवढं पुरे होईल असं वाटतं.

तुम्हाला वाटतं का?

सेइजी

•

कामोसे
२ ऑगस्ट

भावोजी,

नाही वाटत.

सोबत कॅलेंडरं पाठवते. ऐंशीचं, एक्याऐंशीचं, आणि यंदाची जुलैपर्यंतची पानं. ही तुमच्या मीटरची मोजणी नाही, म्हणजे तुमचा शिक्का कुणी तोडलेला नाही. ही एका म्हातारीच्या स्वयंपाकघरातली आहेत. ह्यांना मंजुरी लागत नाही.

खाली आणखी एक आहे, एकोणऐंशीचं. ते मात्र बघून परत पाठवा. अकरा जूनपर्यंत तुमच्या दादांच्या खुणा आहेत. मे महिना बघा. नऊ दिवस सलग फुल्या. त्याच नऊ दिवसांत शहरातला व्यापारी आला होता, आमच्या मासळीचा वर्षाचा करार करायला. कुमेझो ह्यांना म्हणाले, 'इवाओ, दोन-चार गोल काढ ना बाबा, तो कॅलेंडर बघतोय.' हे म्हणाले, 'गोल काढला म्हणून जाळ्यात मासा येतो का?' करार अर्धाच झाला. कुमेझो महिनाभर बोलले नाहीत. पण त्या वर्षी जेवढं कबूल केलं तेवढं दिलं आणि कुणाच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागलं नाही.

दुसरं. तुमचं यंत्र वाईट आहे असं मी म्हणाले का कधी? डिसेंबरची पानं बघा, नुसते गोल आहेत, एकतीसच्या एकतीस! ते हिवाळ्याचं यंत्र आहे. तसं म्हणा की मोकळेपणाने, त्यात लाज कसली? हिवाळ्यात बोट आठ-आठ दिवस येत नाही, डिझेल संपतं, दवाखान्यात दिवा नसतो. तेव्हा ते सोन्याचं आहे. उन्हाळ्यात बर्फाला डिझेल आणि हिवाळ्यात दिव्याला लाट, असं मागून बघा ना सरकारला. दोन यंत्रं ठेवली तर काय बिघडलं? घरात घोंगडी असली म्हणून पंखा कुणी टाकून देत नाही.

ओगासाच्या मुलीसाठी वाळवलेलं माकूल पाठवलंय. दात आलेत तर चघळेल.

योने

•

योकोहामा
२८ सप्टेंबर

वहिनी,

दिलं.

टेबलाभोवती सात जण होते. मी अहवाल वाचला आणि शेवटच्या टिपेपाशी आलो. बारीक अक्षरं होती, चष्मा काढून पुसला, तरी वाचवेना. मग पिशवीतून कॅलेंडरं काढून टेबलावर ठेवली. भरती-ओहोटीच्या तक्त्यावर मासळी सोसायटीची जाहिरात आहे ना, लाल माशाची, ती बघून एक जण हसला. मी सांगितलं, ही माझ्या वहिनीची. मग जुलै वाचून दाखवला, तारीखवार. फुली, फुली, फुली, त्रिकोण, फुली. फार वेळ लागला.

त्सुबाकी साहेबांनी यंदाचा जून उघडला आणि २४ तारखेवर बोट ठेवलं. तिथे तुम्ही फुली केली आहे आणि शेजारी बारीक पेन्सिलीने 'होड्या' असं लिहिलंय. मी ते पाहिलंच नव्हतं! साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, 'माकुलाच्या हंगामात तीन होड्या रिकाम्या का फिरतायत, असं वाटलंच होतं मला.' एवढंच. त्यांनाही वाटलं होतं, वहिनी. त्यांनीही तेव्हा काही विचारलं नाही.

बर्फखान्याची योजना रद्द झाली. जुन्या यंत्राला कुणी हात लावणार नाही, कुमेझोंना त्याच दिवशी तार केली.

मग तुमचं म्हणणं मांडलं, की हिवाळ्यापुरतं चालू ठेवा, दवाखान्यासाठी. साहेबांनी खरोखर फॉर्म चाळला. त्यात 'वर्षभर चालणारे' आणि 'बंद करावयाचे' अशा दोनच चौकटी आहेत. अर्ध्या वर्षाची चौकट नाही. तिसरी काढता येईल का म्हटलं, तर म्हणाले त्याला वेगळी समिती लागेल. शिवाय पुढच्या वर्षीचे पैसे आता सूर्याला आहेत. लाटांचं कौतुक संपलं. नियमाप्रमाणे, योजना बंद झाली की सरकारी पैशातली वस्तू तिथे ठेवता येत नाही. मार्चमध्ये पंखा, मीटर आणि दिवा काढायला मीच येईन.

ओगासाला सूर्याच्या विभागात घेतलं. लाटांचं अंकगणित विसरून आता छपरं मोजतो. जाताना माझ्यासमोर वाकला आणि म्हणाला, 'सर, तुम्ही आधी सांगितलं असतंत तरी मी थांबलो असतो.' हे त्याने म्हणायला नको होतं. मला मात्र ग्रंथालयात बसवलंय, जुन्या अहवालांची यादी करायला.

एकोणऐंशीचं कॅलेंडर परत पाठवतोय. मे महिना बघितला. बराच वेळ बघितला.

सेइजी

•

कामोसे
२ फेब्रुवारी १९८४

भावोजी,

गेल्या मार्चमध्ये येऊन पंखा काढून नेलात, त्यानंतर मी नीट पत्रच लिहिलं नाही. तुम्ही शिडीवर उभे राहून तो दिवा उतरवत होतात आणि कुमेझो खालून शिडी धरून रडत होते, ते डोळ्यासमोर आलं की लेखणी खाली ठेवायचे. पण आज लिहायलाच हवं.

आधी चांगलं सांगते. गेल्या जुलैत माकूल असं आलं की होड्या बुडायच्या बाकी. जुनं यंत्र दिवसरात्र धडधडत होतं, धुराने माझी वाळत घातलेली कापडं काळी झाली, पण बर्फ कमी पडला नाही. एक घर बेट सोडून गेलं नाही. कुमेझोंच्या धाकट्याने तर एप्रिलातच लग्न करून बायको इथे आणली. सोसायटीच्या सभेत कुमेझो म्हणाले, हे सेइजीमुळे. मी चहा देता देता मोठ्याने म्हटलं, 'आणि योनेमुळे!' सगळे वळून बघायला लागले. बघू देत.

आता दुसरं. तुमच्या पंख्याची खोली भिंतीत तशीच आहे, काँक्रीट कोण फोडणार? त्यामुळे लाटा आल्या की हुंदके अजून ऐकू येतात. दिवा नाही, पण माझी सवय जात नाही. तांदूळ ठेवला की खिडकीतून बघते. नंतर नंतर दिव्याऐवजी आवाजावरून खूण करायला लागले. आवाज जोरात असला तर दिवा लख्ख लागला असता, म्हणून गोल.

यंदा जानेवारीत बारा तारखेपासून बावीसपर्यंत बोट आली नाही. अकरा दिवस. पाचव्या दिवशी डिझेल संपलं. सोसायटीचं जनित्र बंद, सगळं बेट दुपारी चारला अंधारात. त्यातच कुमेझोंच्या त्या नव्या सुनेला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधीच. दवाखान्यात नर्सबाई, मी आणि सहा मेणबत्त्या. नर्सबाईंना टाका घालताना दिसेना. मी मेणबत्ती इतकी जवळ धरली की तिचं मेण पोरीच्या पायावर सांडलं. ती ओरडली, आणि तुमची भिंत बाहेर त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती. भावोजी, तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. सगळी वीज तिथे होती, धक्क्यावर, दवाखान्यापासून दोनशे पावलांवर, आणि आम्ही मेणबत्त्या मोजत होतो.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आईच्या पायावर डाग राहील. मुलगी आहे, आवाज तुमच्या यंत्रासारखाच आहे.

खरं बोला असं मीच तुम्हाला म्हटलं होतं. आजही तेच म्हणेन. बर्फ वाचला तो त्यामुळेच. पण खरं बोललं की त्यातलं फक्त अर्धंच ऐकायचं, ही कुठली रीत? जुलैत चालत नाही हे त्यांनी ऐकलं. जानेवारीत चालतं हेही तुम्ही त्याच दिवशी सांगितलं होतंत, ते कुणी ऐकलं?

सोबत जानेवारीचं पान पाठवते. अकराच्या अकरा गोल आहेत. तुम्ही ग्रंथालयात जुन्या अहवालांची यादी करता ना, त्यातच आपल्या यंत्राचाही असेल. हे पान त्याच्या शेवटी लावून ठेवा, शिक्का मारून. आठ-दहा वर्षांनी पैसे फिरून लाटांकडे आले आणि कुणीतरी तो अहवाल उघडला तर त्याला दिसेल.

आणि ऑगस्टात या. दर वर्षी जमलं नाही असं लिहिता, आता तर तुम्हाला कुणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही.

योने